पाणी बंद

वाशीमच्या दवाखान्यात मी आठ वर्षं काढली, आणि त्यातली सहा वर्षं एका मुलीबद्दल खोटं बोलण्यात गेली. गोष्ट मी खरीच सांगायचो, फक्त दुसऱ्याच्या नावावर खपवायचो. 'एका तालुक्याला एक डॉक्टर होता,' अशी माझी सुरुवात असे. समोर बसलेले पंधरा-वीस डॉक्टर आणि कंपाउंडर त्या डॉक्टरच्या अकलेवर हसले, की मीही त्यांच्यात मिसळून हसत असे. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. अकोल्याहून दिवसातून एकदा सर्व्हिस मोटार यायची, तीही रस्ता आणि ड्रायव्हर दोघांची तब्येत बरी असली तर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे लांबलचक ओसरी आणि टिनाच्या छपराखाली आठ खाटा. मी नागपूरहून एल.एम.पी. ही डॉक्टरकीची सनद घेऊन नुकता आलेलो, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. मी वऱ्हाडातच वाढलेला, घरी आईशी वऱ्हाडीच बोलणारा; पण दवाखान्यात पाऊल टाकलं की पुस्तकी मराठी बोलायची असा माझा खाक्या होता. रोग्याला दरडावल्याशिवाय औषध लागू पडत नाही अशी माझी पक्की समजूत होती, आणि दरडावायला पुस्तकी भाषा बरी पडते.

दवाखान्यात माझ्या हाताखाली एक कंपाउंडर आणि एक दाई. दाई पन्नाशीच्या पुढची, हाडकुळी, चालताना एका पायावर झुकणारी. अर्ध्या तालुक्याची बाळं तिच्या हातात जन्मली होती, पण दवाखान्यात तिचं काम झाडलोट करायचं, खाटा धुवायच्या आणि सुई टोचताना पोरांचे हात धरायचे. मी तिला मावशी म्हणायचो. तेवढ्यानं आपण फार सुधारलेले आहोत असं मला वाटायचं. ओसरीवर रोग्यांसाठी मोठा माठ होता. त्याला मावशीनं हात लावायचा नाही, तिचा लहान माठ मागच्या दाराशी, असा तिथला नियम होता. तो मी केला नव्हता, पण मी तो मोडलाही नव्हता.

पौष महिना होता. सकाळी नऊ-दहाचा सुमार. पद्मतीर्थ तळ्याच्या पलीकडे एका माळ्याचा मळा होता. तिथली बाई रोज मेथी आणि वांगी घेऊन बाजारात बसायची. मी तिला चेहऱ्यापेक्षा टोपलीवरून ओळखायचो. त्या दिवशी टोपली नव्हती. तिनं कडेवर आठ वर्षांची मुलगी आणली होती. कडेवर घ्यायचं वय कधीच उलटलेलं. मुलीचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

दोन दिवसांपासून ओकाऱ्या, पोटात दुखणं, असं आई म्हणाली. महिनाभरात पोरगी वाळली, सारखी पाणी पिते, तेही म्हणाली. मी तपासलं. ताप नव्हता. जीभ कोरडी ठणठणीत. नाडी धावत होती. छाती स्वच्छ, आणि तरी श्वास मोठा मोठा, खोल. मी वाकून तिच्या तोंडाजवळ नाक नेलं, तर एक गोडसर आंबूस वास आला.

आमच्याकडे थंडीत पोटदुखीवर पोरांना मोहाच्या दारूचा चमचा पाजणारी माणसं मी पाहिली होती. तेवढं मला पुरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळी ओसरी ऐकत असताना मी त्या बाईला विचारलं, 'पोरीला दारू पाजलीस?'

तिनं मुलीला जवळ ओढलं. मग हळू म्हणाली, 'नाही जी. आमच्या घरी कोनी शिवत नाही दारूले.'

मी विश्वास ठेवला नाही. असं म्हणणारे रोज चार येतात, असं मनात म्हणालो, आणि मोठ्यानंही म्हणालो. बाकड्यावरची माणसं हसली. त्या बाईनं पदर ओढून घेतला आणि त्यानंतर ती काही सांगण्याच्या भानगडीत पडली नाही. मीच तिचं तोंड शिवून टाकलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी शिकवायचो की आईला बोलू द्या, आधी ऐका, मग बोला. ते मी कुठे शिकलो हे मात्र कधी सांगितलं नाही.

चिठ्ठीवर मी जंत लिहिलं, औषध लिहिलं, वर एरंडेल लिहिलं. खाली मोठ्या अक्षरात दोन शब्द लिहून त्यांच्याखाली रेघ ओढली: पाणी बंद. ओकणाऱ्या पोटाला विश्रांती द्यायची असं आम्हाला शिकवलेलं. आणि आमच्या मुलखात घरोघरची बायामाणसंही तेच सांगायची, ओकाऱ्या होत असताना पोराला पाणी पाजू नये, पाण्यानं ओकारी वाढते. एरवी डॉक्टर आणि घरातल्या म्हाताऱ्या यांचं कधी एकमत व्हायचं नाही. इथे झालं, त्यामुळे मला जास्तच जोर चढला.

मुलीला दुपारपर्यंत ओसरीवरच्या खाटेवर ठेवलं. ती रडत नव्हती. माठ खाटेपासून सात-आठ हातांवर होता, आणि ती कुशीवर वळून त्याच्याकडे बघत होती. मी जवळून गेलो की म्हणायची, 'पानी.' हट्ट नाही, काही नाही. आपण घरातल्या माणसाला सांगतो तसं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी थांबलो, आणि माझ्या मते फार मायेनं तिला म्हणालो, 'उद्या. उद्या भरपूर पाणी.'

तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं.

त्यानंतर मावशी तिला लघवीला म्हणून मागच्या दारी घेऊन गेली आणि आणून परत झोपवलं. मग मुलगी डोळे मिटून पडली, पाणी मागेनाशी झाली. आराम पडला, असं मी आईला सांगितलं, औषध दिलं, उद्या सकाळी दाखवायला आण म्हणालो आणि घरी पाठवून दिलं.

सकाळी आई आली नाही. मी सायकल काढली आणि मळ्यावर गेलो. खरं सांगतो, दरडावायलाच गेलो होतो.

झोपडीच्या बाहेरूनच मला श्वास ऐकू आला. लोहाराचा भाता चालतो तसा, लांब, खोल, एका लयीत. मी दाराकडे वळलो तर न्हाणीपाशी दगडाच्या कडेनं काळ्या मुंग्यांची जाड रांग लागलेली दिसली. आणि त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं.

मी विचारलं तेव्हा आईनं सांगितलं. वीसेक दिवस झाले मुंग्या येताहेत. काळ्या मुंग्या म्हणजे लक्ष्मी. त्या आल्या तेव्हापासून वांग्याला माल चांगला लागला होता. म्हणून मारल्या नाहीत, झाडल्या नाहीत, आणि कोणाजवळ बोलल्याही नाहीत, कारण बोललं की लक्ष्मी जाते. पोरगी कुठे लघवी करते, असं मी विचारलं. तिनं तोच दगड दाखवला.

मेडिकलच्या शाळेत आम्हाला या रोगावर एक तास झाला होता. साखरेचा रोग, लघवीला मुंग्या लागतात, क्वचित लहान मुलांनाही होतो, आणि मग रक्त आंबट होऊन श्वास भात्यासारखा चालतो, तोंडाला पिकलेल्या फळाचा वास येतो. शेवटच्या बाकावर बसून आम्ही हसलो होतो. हा रोग गादीवर लोळणाऱ्या सावकारांना व्हायचा, आम्ही जाणार खेड्यात. त्या न्हाणीपाशी मला तो अख्खा तास आठवला, मास्तरांच्या खडूसकट.

बाटलीत लघवी घेऊन मी दवाखान्यात आलो. निळ्या औषधात आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं. त्याहून जास्त साखर त्या नळीला दाखवता येत नाही. इन्सुलिन आमच्याकडे नव्हतं. अकोल्याला तार केली. उकळलेलं मिठाचं पाणी, सुया, चमचे घेऊन परत मळ्यावर गेलो. आदल्या दिवशी जे पाणी बंद केलं होतं ते आता चमच्या-चमच्यानं पाजायला लागलो. तिला गिळता येत नव्हतं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून मानेवर येत होतं. मांडीच्या कातडीखाली सुईनं भरलं, ते तिथेच फुगून राहिलं. ऊन डोक्यावर यायच्या आत भाता थांबला.

चार वाजता मोटारीनं इन्सुलिनच्या दोन बाटल्या आल्या. बैल गेला आणि झोपा केला. मी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवल्या. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

सगळं आटोपल्यावर, तिसऱ्या दिवशी, आई दवाखान्याच्या पायरीशी आली. वर चढली नाही. तिनं एकच विचारलं. 'मुंग्या मारायले पायजे होत्या का जी?'

त्या वेळी मी खरं सांगू शकलो असतो. चूक मुंग्यांची नाही, तुझी नाही. वास मी ओळखला नाही, लघवी मी तपासली नाही, पाणी मी तोडलं. एवढंच. पण कंपाउंडर शेजारी उभा होता, बाकडं भरलेलं होतं, आणि माझं वय पंचवीस. मी म्हणालो, 'आधी सांगायला हवं होतं, बाई.'

ती 'हो' म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी तिला बाजारात पाहिलं नाही. मेथी-वांगी घेऊन घरातलं दुसरंच कोणी बसू लागलं.

पुढच्या वर्षी मी रजा काढून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात चार महिने राहिलो आणि हा एकच रोग शिकलो. लहान मूल या अवस्थेत आलं तर पहिल्या तासात काय करायचं, दुसऱ्या तासात काय, किती पाणी, किती इन्सुलिन, केव्हा साखर परत द्यायची, खाट सोडून केव्हा हलायचं नाही. परत आल्यावर सिव्हिल सर्जनच्या मागे लागलो. आजूबाजूच्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि कंपाउंडर दर थंडीत तीन दिवस वाशीमला बोलवा, लहान मुलांची तातडीची दुखणी मी शिकवतो. ते आधी म्हणाले की पटकी आणि हिवतापानं माणसं पटापट मरताहेत, तिथे हा राजेशाही रोग कशाला शिकवता. मी चिकटलो. शेवटी दोन दिवस पटकी आणि छातीचे आजार, एक दिवस साखर, असं ठरलं.

तो एक दिवस मी जीव ओतून शिकवला, हे मीच म्हणतो. पुस्तकातलं सांगून ही मंडळी जांभया देतात हे मला ठाऊक होतं. म्हणून मी दोन वाडगे झाकून ठेवायचो, एकात सडत आलेले जांब, म्हणजे पेरू, आणि दुसऱ्यात भिजवलेली मोहाची फुलं. एकेकाचे डोळे बांधून ओळखायला लावायचो. पहिल्या वर्षी निम्मे चुकले. मग सगळ्यांना घेऊन लोहाराकडे जायचो आणि भात्यासमोर उभं करायचो. न्यूमोनियाचं पोर धापा टाकतं, उथळ आणि भराभर; हे पोर असा श्वास घेतं, नीट ऐका. दवाखान्यामागच्या अंगणात दोन ठिकाणी लघवी सांडून ठेवायचो, एकीत साखर मिसळलेली, आणि जेवणानंतर मुंग्या कुठे आल्या ते दाखवायचो. आईला पहिला प्रश्न हाच विचारा, असं बजावायचो. आणि विचारताना हसू नका, कारण तिनं त्यांना कुंकू वाहिलेलं असेल.

मग ती गोष्ट यायची, एका तालुक्याला एक डॉक्टर होता. दारूचा वास म्हणाला, जंताचं औषध दिलं. मंडळी हसायची. पाण्याबद्दल मी त्या गोष्टीत चकार शब्द काढत नसे. उपचाराच्या भागात पाणी आधी, पाणी आधी असं घोकून घ्यायचो, पण ते सगळं इंग्रजी शब्दांत, सलाईन आणि फ्लुइड, शिरेतून किती, कातडीखालून किती. 'पाणी' हा साधा शब्द वर्गात माझ्या तोंडून निघत नसे.

दुसऱ्या वर्षी कामरगावकडच्या एका कंपाउंडरनं मुंग्यांवरून एक मुलगा ओळखला, वाटेत त्याला घोट घोट पाजत बैलांच्या दमणीतून मोटारीपर्यंत आणलं आणि अकोल्याला पोचवलं. मुलगा जगला. सिव्हिल सर्जननी माझी पाठ थोपटली. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

ती मुलगी मला कधी स्वप्नात दिसली नाही. दिसली असती तर बरं झालं असतं, जागं होता आलं असतं. ती दिवसाढवळ्या असायची. विद्यार्थ्यांना घेऊन लोहाराकडे गेलो की मी स्वतः बाहेर रस्त्यावर उभा राहायचो, आणि भाता थांबला की माझा श्वास अडकायचा. कोणी माठावरचं झाकण काढलं की त्या खाटेकडे मान वळायची. खाट मी केव्हाच तिथून हलवली होती, तरी मान तिथेच वळायची. वर्गासमोर मला पाणी पिता येत नसे; घसा खरवडत तीन-तीन तास बोलायचो. आणि 'उद्या' हा शब्द मी टाकला. रोग्यांना मी 'सकाळी या' म्हणायचो. बायको एकदा म्हणाली, तुमचं पंचांग काही वेगळंच आहे. मी हसण्यावारी नेलं.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या वर्षीची गोष्ट. विद्यार्थ्यांना नुसतं ऐकवण्यापेक्षा करायला लावावं, म्हणून मी एक नवी युक्ती काढली होती. एकानं डॉक्टर व्हायचं, समोर आई बसवायची, आणि त्यानं प्रश्न विचारून रोग काढायचा. आई व्हायला अकोल्याहून नर्स येणार होती. तिची मोटार वाटेत बंद पडली. ऐनवेळी मी मावशीला हाक मारली. ओसरी झाडत होती ती. तोपर्यंत वर्ग भरला की ती बाहेरच असायची. मी तिला म्हणालो, मावशी, इथे बस, तू आई आहेस. पोरगी आठ वर्षांची, ओकाऱ्या, पोट दुखतं, तहान लागते, वाळली आहे. विचारतील तेवढं सांग. मागच्या रांगेत कोणीतरी नाक मुरडून कुजबुजलं, हिला कशाला पुढे बसवता म्हणून. मी तिकडे बघितलं तसा तो गप्प झाला.

मावशी झाडू भिंतीला लावून खाली बसली.

अनसिंगचा एक तरुण डॉक्टर पुढे आला. चांगला पोरगा होता, सावकाश विचारत होता. मावशी उत्तरं देत गेली, आणि मी सांगितलं नव्हतं तेही सांगत गेली. कडेवर आणली होती, म्हणाली. पाय लोंबत होते. रडली नाही, खाटेवर कुशीवर निजली होती. माझ्या हातातला खडू ओला व्हायला लागला. त्या डॉक्टरनं वहीत बघून पुढचा प्रश्न विचारला, पाणी दिलं होतं का.

मावशीनं वर बघितलं ते त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

'देल्लं होतं,' ती म्हणाली. 'साहेबानं नाही म्हटलं होतं. मी तिले लघवीले म्हणून मांगच्या दारी नेलं, आन माह्या माठातला एक गिलास देल्ला. तिनं अजून मांगतला. मी भेली, नाही देल्ला. दुसऱ्या दिवशी मेली ती. साहा वर्सं झाले, मले वाटते मीच मारलं तिले. पानी बंद होतं, आन मी पाजलं. तेबी माह्या हातचं.'

वर्गात कोणाला काही कळलं नव्हतं. बाई सोंग चांगलं वठवतेय असंच त्यांना वाटत असावं. एक जण 'वा' म्हणालाही. मी मात्र उभ्या उभ्या सगळं समजलो. सहा वर्षं मी माझ्या चुकीवर शाल पांघरून मिरवत होतो, आणि भिंतीच्या पलीकडे ही बाई झाडू हातात घेऊन एका खुनाचं ओझं वाहत होती. तिला एका वाक्यात मोकळं करता आलं असतं. ते वाक्य मी दर थंडीत इंग्रजीत शिकवत होतो.

मी खाली बसलो, तिच्यासमोर, फरशीवरच. माझी पुस्तकी मराठी त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. म्हणालो, 'मावशी, त्या दिवशी ह्या दवाखान्यात तिले औषध एकानंच देल्लं. ते तू देल्लं. तहान हाच तिचा रोग होता. पानी मी तोडलं. चूक माही होती.'

मग विद्यार्थ्यांकडे वळून सांगितलं की तो तालुक्याचा डॉक्टर मी. पाण्याचंही सांगितलं, 'उद्या' म्हणालो तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. तो अनसिंगचा डॉक्टर वहीत लिहीत होता, तो लिहायचा थांबला. मला वाटलं होतं की सांगितल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

मावशीनं भिंतीचा झाडू जवळ ओढला. मग म्हणाली, 'मंग अजून एक गिलास देल्ला असता तं?'

मी म्हणालो, नसती वाचली. सुईचं औषध अकोल्याला होतं, दोन ग्लासांनी ते भागलं नसतं. हे खरं होतं, तिच्या समाधानासाठी म्हणालो नव्हतो.

'पन तहान तं भागली असती,' ती म्हणाली, आणि झाडू घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर, ऊन कलायच्या आत, आम्ही दोघं मळ्यावर गेलो. मी सायकल हातात धरून चालत होतो, ती मागून. झोपडीची जागा तीच होती, न्हाणीपाशी आता नवी फरशी बसवली होती, झाडूनपुसून लख्ख. ती आई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. केस निम्मे पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं आणि जुड्या बांधत राहिली.

मी सांगितलं. मुंग्यांनी काही केलं नाही, बाई. तुमी काही केलं नाही. दारूचं मी उगाच बोललो, पोरीले पानी मी बंद केलं, ती माही चूक. पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलो बहुतेक. तिचे हात थांबले नाहीत. दोन जुड्या बांधून झाल्या. घरी नेल्यावर तिनं मलेही मांगतलं, आई म्हणाली, मी नाही देल्लं, तुमी म्हटलं म्हणून. एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही धरायला मिळालं असतं.

मग मावशी बोलली. ती ओट्याच्या खाली, जरा लांब उभी होती. 'बाई, मी देल्लं होतं तिले. दवाखान्यात, मांगच्या दारी. माह्या माठातलं होतं.'

आईचे हात थांबले. माठाचं जणू तिनं ऐकलंच नाही. तिनं मावशीकडे मान वळवली आणि विचारलं, 'किती पेली?'

मी मावशीकडे बघितलं. काल वर्गात ती काय म्हणाली होती ते मला शब्द न् शब्द आठवत होतं.

'पोट भरून पेली,' मावशी म्हणाली. 'बस म्हणे. गिलासात जरासंक ठेवलंबी तिनं.'

आईनं पदरानं तोंड झाकलं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग तिनं पदर काढला, मावशीला ओट्यावर बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं आणि पुन्हा विचारलं, ग्लास मोठा होता का लहान. मावशीनं हातानं माप दाखवलं. तिनं दाखवलं त्याहून तो ग्लास बराच लहान होता. मागच्या दाराशी तो मी रोज बघत होतो.

मी काही बोललो नाही.